आवणीच्या पाण्यातली खाज आणि शंखातली गोगलगाय



तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. मोहोपाड्याच्या आमच्या वस्तीतल्या दोन जावा शेजारच्या गावात आवणीला मजुरीने जात होत्या. थोरली वीस वर्षे हेच काम करते. धाकटी त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, कल्याणच्या चाळीत वाढलेली. भाताच्या खाचरात तिने पहिल्यांदाच पाय ठेवला होता. दोघींचे खाचर एक, पाणी एक, कामाचे तासही सारखेच. चौथ्या दिवशी थोरलीच्या पायांवर घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत लाल पुळ्या उठल्या. रात्रभर खाजवून कातडी सोलली. धाकटीच्या पायावर मात्र एक डाग नव्हता.

"दोघी एकाच पाण्यात होत्या, मग हिलाच का?" सासूबाईंनी विचारले.

प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर मात्र घाईने काढले गेले. कुणीतरी काहीतरी केले असणार, असे ठरले. घरात बाबासाहेबांचा फोटो असूनही थोरलीला भगताकडे नेले. अंगारा झाला, कोंबडे गेले, चार दिवसांची मजुरी बुडाली. आठवड्याने पुळ्या आपोआप बसल्या आणि श्रेय भगताला मिळाले. त्यापेक्षा वाईट म्हणजे, नव्या सुनेचा पायगुण कसा आहे, यावर घरात कुजबुज सुरू झाली. ज्या मुलीने दिवसभर चिखलात वाकून मजुरी आणली, तिच्याकडेच संशयाने पाहिले गेले.

सासूबाईंचा प्रश्न आम्ही सोडला नाही. त्याचे उत्तर शास्त्राकडे आहे आणि ते खाचराच्या बांधाला चिकटलेल्या एका लहानशा प्राण्यापाशी नेते. तो प्राणी म्हणजे गोगलगाय. या महिन्याच्या आरोग्य पानात तिचाच धडा घेऊ.

पोटावर चालणारा प्राणी

"गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण आपण लबाड माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राने पाहिले तर ती शब्दशः खरी आहे. गोगलगायीच्या पोटाखालचा मांसल भाग हाच तिचा पाय. म्हणून शास्त्रात तिच्या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात. उदर म्हणजे पोट, पाद म्हणजे पाय. गोगलगाय, शिवल्या, तिसऱ्या, कालवे, माकूळ, ऑक्टोपस हे सगळे एकाच मोठ्या संघातले प्राणी आहेत. त्या संघाचे नाव 'मृदुकाय', म्हणजे मऊ अंगाचे. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात हे नाव सापडेल. कीटकांच्या संघानंतर जगातला हा दुसरा सर्वांत मोठा प्राणिसंघ आहे.

आपल्या खालापूर-कर्जत भागात या प्राण्यांना हवे ते सगळे मिळते. पावसाळ्यात खाचरे भरलेली असतात. पाताळगंगेत उन्हाळ्यातही पाणी राहते, कारण खोपोलीच्या १९१५ सालच्या वीजघरातून सुटणारे पाणी तिच्यात येते. कर्जतकडे राजनाला कालव्यावर उन्हाळी भात होते. जिथे बारा महिने पाणी, तिथे गोगलगायीही बारा महिने.

खाचरातल्या आणि डबक्यातल्या गोगलगायींपैकी दोन जाती ओळखून ठेवण्यासारख्या आहेत. पहिलीचा शंख चपटा असतो, दोरीचे वेटोळे आडवे ठेवावे तसा. मोठी झाली तरी तो साधारण दोन सेंटिमीटरचा असतो. तिचे शास्त्रीय नाव इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. तिच्या रक्तात आपल्यासारखेच लाल हिमोग्लोबिन असते, त्यामुळे कमी हवेच्या गढूळ पाण्यातही ती तगते. नर आणि मादी दोन्ही अवयव एकाच अंगात असल्याने एकटी राहिली तरी अंडी घालते. दुसरी लिम्निया. तिचा शंख टोकदार आणि पातळ असतो आणि तोंड रुंद असते.

या गोगलगायी चावत नाहीत, डसत नाहीत, विष सोडत नाहीत. मग खाज येते कुठून?

शेणापासून पायापर्यंत

गाई, म्हशी आणि बैल यांच्या शिरांमध्ये शिस्टोसोमा नावाचे बारीक कृमी राहतात. या कृमींची अंडी जनावराच्या शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात गेले की अंडी फुटून त्यातून केसाळ अळी निघते. ती डोळ्यांना दिसत नाही. तिच्याजवळ जेमतेम एका दिवसाचे आयुष्य असते. तेवढ्यात तिला योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते.

सापडली, तर ती गोगलगायीच्या अंगात शिरते आणि तिथे काही आठवडे वाढते. एका अळीच्या हजारो होतात. मग या नव्या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडून पाण्यात पोहू लागतात. त्यांना शेपूट असते आणि शेपटाचे टोक दुभंगलेले असते. आता त्यांना जनावराची कातडी हवी असते. एखादी म्हैस पाण्यात उतरली, की कातडीतून आत शिरायचे, शिरांपर्यंत पोचायचे, पुन्हा अंडी घालायची. असे हे चक्र चालते.

त्याच पाण्यात आवणीसाठी आपली माणसे उतरतात. अळीला म्हशीची कातडी आणि माणसाची कातडी यातला फरक आधी कळत नाही. ती आपल्या पायात शिरते. पण माणसाच्या शरीरात तिला पुढे जाता येत नाही. ती कातडीतच मरते. तिच्याशी शरीर जे भांडण करते, त्याच्या पुळ्या होतात आणि खाज सुटते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तळ्यात पोहणाऱ्यांना अशीच खाज येत असे. विल्यम कॉर्ट या शास्त्रज्ञाने १९२८ साली दाखवून दिले, की त्यामागे गोगलगायीतून निघालेल्या अळ्या आहेत. तिथे त्या पक्ष्यांच्या कृमींच्या होत्या. आपल्या देशात आसाममध्ये आणि मध्य भारतात पाण्यात काम करणाऱ्या माणसांमध्ये या खाजेचा अभ्यास झालेला आहे. हौसेने पोहणाऱ्याला ही खाज एखाद्या सुट्टीत होते. आवणीच्या मजुराला मात्र ती दरवर्षी पोटासाठी सोसावी लागते.

मग हिलाच का?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ.

अळी पहिल्यांदा कातडीत शिरते, तेव्हा शरीर तिला ओळखत नाही. त्यामुळे फार काही होत नाही. कधी थोडी चुणचुण, कधी तेवढेही नाही. पण शरीर तिची ओळख लक्षात ठेवते. पुढच्या वेळी ती आली, की जोराने तिच्यावर तुटून पडते. जितक्या वेळा लागण, तितकी खाज जास्त. वीस वर्षे पाण्यात उतरणाऱ्या थोरलीचे शरीर या अळीला चांगले ओळखत होते. धाकटीची ती पहिलीच भेट होती. थोरलीच्या पुळ्या तिच्या वीस वर्षांच्या कष्टाच्या खुणा होत्या. करणीचा किंवा पायगुणाचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढच्या आषाढात धाकटीच्याही पायांवर तशाच पुळ्या उठल्या. तेव्हा आम्ही दोघींना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी पाय पाहिले, काम कुठे करता ते विचारले आणि हेच कारण सांगितले. साध्या लोशनवर आणि गोळीवर काम भागले. घरातली कुजबुज त्या दिवसापासून थांबली.

बुद्धाने सांगितले, की कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण नाहीसे केले तर परिणामही नाहीसा होतो. आजाराच्या बाबतीत हे तत्त्व वापरायचे तर आधी कारण शोधावे लागते. भगत ते शोधत नाही. तो आजार आपोआप बरा होईपर्यंत आपला वेळ आणि पैसा घेतो.

कोणती खाज कशाची?

पावसाळ्यात पायाला येणारी प्रत्येक खाज गोगलगायीमुळे नसते. फरक ओळखता आला पाहिजे.

गोगलगायीच्या अळीची खाज: पाण्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चुणचुण होते. बारा ते चोवीस तासांत सुट्या-सुट्या लाल पुळ्या उठतात. जिथपर्यंत पाय पाण्यात होता, तिथपर्यंतच त्या असतात. एक-दोन आठवड्यांत आपोआप जातात. एकापासून दुसऱ्याला लागत नाहीत.

चिखल्या: पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, फाटते, वास येतो. ही बुरशी आहे. तिला बुरशीचे औषध आणि पाय कोरडे ठेवणे हाच उपाय.

खरूज: हाताच्या बोटांमध्ये, मनगटावर, कंबरेवर बारीक पुळ्या येतात आणि रात्री खाज वाढते. घरातल्या एकाला झाली की सगळ्यांना होते. सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे लागते.

अळीच्या खाजेवर कॅलामाइन लोशन लावावे, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. झोप येत नसेल तर डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी घ्यावी. नखे कापून ठेवावीत, कारण खाजवून जखम झाली की तिच्यात पू होतो. मेडिकलच्या दुकानातून कोणतीही मलमाची ट्यूब विचारल्याशिवाय आणू नका. अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण खाली बुरशी असेल तर ती भडकते आणि महिनोन्‌महिने जात नाही.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शेतात काम केल्यानंतर थंडी वाजून ताप, पोटऱ्या खूप दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी किंवा पिवळी होणे, असे काही झाले तर तो खाजेचा भाग समजू नका. तो लेप्टो असू शकतो. लेप्टो गोगलगायीने होत नाही, उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे होतो. कोकणात पावसाळ्यात त्याने माणसे दगावतात. खाजवून सोललेली कातडी त्याला दार उघडून देते. अशा तापात त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

गिमवीचा धडा

जनावरांचा कृमी आपल्या कातडीत मरतो. पण याच कुटुंबातले काही कृमी माणसासाठीच बनलेले आहेत, आणि ते मरत नाहीत. ते मूत्राशयाच्या किंवा आतड्यांच्या शिरांत वर्षानुवर्षे राहतात. लघवीतून किंवा शौचातून रक्त जाते, शरीर झिजते. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना १८५१ साली इजिप्तमध्ये कैरो इथे हा कृमी सापडला. तो गोगलगायीतून पसरतो, हे १९१३ साली जपानमध्ये आणि १९१५ साली इजिप्तमध्ये सिद्ध झाले. आजही, मुख्यतः आफ्रिकेत, हा गरिबांचा मोठा रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली २५ कोटींहून अधिक लोकांना त्याच्यासाठी प्रतिबंधक औषधाची गरज होती.

भारतात हा रोग नाही, असे बरीच वर्षे मानले जात होते. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी दाखवले, की तो आपल्या कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीत रक्त आणि या कृमीची अंडी मिळाली. मग त्यांनी पाण्यातल्या गोगलगायी तपासल्या. संशय फेरिसिया टेनुइस या गोगलगायीवर आला. ही इतकी लहान असते, की डाळीच्या दाण्याजवळ ठेवली तरी लहानच दिसेल. तिचा शंख गुंडाळलेला नसतो, उलट्या टोपीसारखा असतो. १९५५ साली त्याच दोघांनी या गोगलगायीला लागण होते, हे प्रयोगाने दाखवले. कृमी नेमका कोणत्या जातीचा, यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाला. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संशोधकांनी पुन्हा गिमवीचा अभ्यास करून तो १९८१ साली प्रसिद्ध केला, तेव्हा लागण बरीच ओसरलेली होती.

गिमवीचे नाव घाबरवण्यासाठी घेतलेले नाही. त्यातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. एक, कुणी तपासेपर्यंत गावाचा आजार 'नाही' म्हणूनच गणला जातो. दोन, या साखळीची सुरुवात गोगलगाय करत नाही. माणसाची लघवी आणि शौच पाण्यात गेली, म्हणून गोगलगायीला लागण झाली. पाण्यात घाण गेली नसती, तर ती बिचारी शेवाळ खात बसली असती.

लघवीतून रक्त जात असेल, तर कारण काहीही असो, तपासणी हवीच. मुतखडा, जंतुसंसर्ग, क्षय, गाठ अशी अनेक कारणे असू शकतात. बाया हे पाळीचे रक्त समजून सोडून देतात आणि मुले लाजेने सांगत नाहीत. घरात विचारण्याची सवय ठेवा.

गोठ्यातली म्हैस आणि शिंगाडे

टोकदार शंखाच्या लिम्नियाची साखळी वेगळी आहे. तिच्यातून यकृतकृमी पसरतो. याच्या अळ्या गोगलगायीतून निघाल्या की पाण्यालगतच्या गवताला आणि भाताच्या बुंध्याला चिकटून बसतात, स्वतःभोवती कवच करतात. तो चारा खाल्ला की कृमी जनावराच्या यकृतात जातो. जनावर खाते पण अंगी लागत नाही, दूध आटते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. कर्ज काढून घेतलेली म्हैस अशी वाळत गेली, तर घर बसते. उपाय आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील त्या मापाने औषध पाजावे. भाताचा पेंढा पाण्याच्या रेषेच्या वर कापावा, कडक उन्हात चांगला वाळवून मग घालावा. डबक्याकाठचे ओले गवत टाळावे. बैल घोरू लागला आणि नाकातून शेंबूड वाहू लागला, तर तोही गोगलगायीतून येणारा कृमी असू शकतो. त्याचीही तपासणी होते.

अशीच एक साखळी माणसाच्या आतड्यात येते, तीही पाण्यातल्या वनस्पतींवरून. आपल्या कोकण पट्ट्यातल्या पालघर तालुक्यात या आतड्याच्या कृमीचा अभ्यास झाला आणि तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. तळ्यातले कच्चे शिंगाडे दातांनी सोलून खाल्ले, की सालीला चिकटलेली अळी पोटात जाते. शिंगाडे उकडूनच खावेत. मुलांना ते दातांनी सोलू देऊ नये.

ताटातल्या शिवल्या

आता खाण्याचे. तिसऱ्या, शिवल्या, कालवे हे गरिबाचे चांगले अन्न आहे. त्यात प्रथिने आहेत, लोह आहे, जस्त आहे, आणि बी-१२ जीवनसत्त्व भरपूर आहे. रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा फायदा होतो. हे खाणे हलके आहे, असे कुणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. आम्ही हे खाणे सोडायला सांगत नाही. ते कुठल्या पाण्यातले आहे, एवढे विचारायला सांगतो.

कारण हे प्राणी पाणी गाळून जगतात. कालव दिवसभर अंगातून पाणी जाऊ देते आणि त्यातले बारीक कण खाते. दिवसाला कित्येक बादल्या पाणी तिच्या अंगातून जाते. पाण्यात मैला असेल तर त्यातले जंतू तिच्यात साठतात. १९८८ साली चीनमधल्या शांघाय शहरात अर्धवट शिजवलेल्या शिंपल्या खाऊन कावीळ पसरली. काही आठवड्यांत सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. जंतू असतील तर उपाय सोपा आहे. शिंपल्या उघडल्या की लगेच उतरवू नयेत, आणखी काही मिनिटे चांगल्या उकळाव्यात. उकळूनही न उघडणारी शिंपली टाकून द्यावी.

पण पाण्यात पारा, शिसे, कॅडमियम असे धातू असतील, तर उकळून काही होत नाही. ते मांसात तसेच राहतात. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्यातला पारा समुद्रात गेला, तो मासे आणि शिंपल्यांमध्ये साठला, आणि ते खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाला. हा आजार १९५६ साली उघडकीला आला. आईच्या पोटातली मुलेही त्यातून सुटली नाहीत. शिंपल्यांच्या याच गुणामुळे शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग पाण्याचे पहारेकरी म्हणून करतात. १९७० च्या दशकात अमेरिकेने आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्या तपासून पाण्यातले विष मोजायला सुरुवात केली. पाण्याचा नमुना त्या दिवसाचे सांगतो, तर शिंपलीचे मांस कित्येक महिन्यांचे सांगते.

आपण रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो. गावाचे नावच रसायनी पडले आहे. म्हणून नियम साधा ठेवा. नाल्यांच्या आणि सांडपाण्याच्या तोंडापासून खालच्या भागातले शिंपले, गोगलगायी आणि मासे खाण्यासाठी गोळा करू नयेत. गरोदर बायांनी आणि लहान मुलांनी तर मुळीच खाऊ नयेत. पाताळगंगेच्या पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते. ते अहवाल मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

कच्ची गोगलगाय औषध नव्हे

दम्यावर, डोळ्यांवर, अशक्तपणावर कच्च्या गोगलगायीचा रस देण्याचा सल्ला कुणी देतो. तो ऐकू नका. उंदराच्या फुप्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायींमध्ये असतात. कच्ची गोगलगाय पोटात गेली, तर त्या अळ्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे अशी लक्षणे दिसतात. १९८० च्या दशकात मुंबईतल्या उंदरांत आणि बिनशंखाच्या गोगलगायींत हा कृमी सापडलेला आहे. केरळात मुलांना त्याची लागण झाल्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्यात भिंतींवर चढणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ साली कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. तीही हा कृमी वाहते. मुलांना ती हाताने उचलू देऊ नका. उचलायचीच तर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पालेभाजी पान-पान वेगळे करून वाहत्या पाण्यात धुवावी.

साखळी कुठे तोडायची?

गोगलगायी मारून ही साखळी तुटत नाही. मोरचूद टाकून त्या मरतात, पण मासे आणि बेडूकही मरतात, आणि महिन्याभरात गोगलगायी परत येतात. साखळी तोडायच्या जागा इतर आहेत.

पाण्यापाशी: संडासाचे पाणी उघड्या नाल्यातून खाचरात किंवा ओढ्यात जात असेल, तर ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करावी. जनावरे पिण्याच्या आणि धुण्याच्या पाण्यात बसवू नयेत. ताजे शेण थेट खाचरात न टाकता खड्ड्यात कुजवून मग टाकावे. चांगल्या कुजलेल्या खतात अंडी मरतात.

पायापाशी: आवणीला गमबूट घालावेत. चिखलात ते रुततात, अवघड होते, हे आम्हाला माहीत आहे. निदान चिखलणीच्या आणि बांधाकडेच्या साचलेल्या पाण्यात तरी घालावेत. बाहेर आल्याबरोबर पाय खरखरीत फडक्याने जोराने पुसावेत आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत. अंगावर पाणी वाळू देऊ नये.

मजुरीपाशी: ज्याच्या शेतात काम करतो, त्याच्याकडे गमबूट आणि हातपाय धुण्याचे स्वच्छ पाणी मागणे ही भीक नव्हे. चार बाया मिळून मागितले तर मिळते. आमच्या वस्तीतल्या बायांनी गेल्या वर्षी तसेच केले. सगळ्यांना बूट मिळाले नाहीत, पण धुण्याच्या पाण्याचे पिंप बांधावर आले.

महाड याच रायगड जिल्ह्यातले. तिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क जगाला सांगितला. आपल्या पाण्यात काय आहे, हे विचारणे त्याच हक्काचा भाग आहे.

त्या दोन जावा यंदाही आवणीला जाणार आहेत. आता थोरली धाकटीला सांगते, "बाहेर आलीस की आधी पाय पूस." आणि सासूबाई घरी जुना टॉवेल कापून दोन फडकी तयार ठेवतात.

रविवारच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीतले सांडपाणी शेवटी कोणत्या ओढ्यात किंवा खाचरात जाते? चालत जाऊन पाहा.

२. आपल्या घरात पावसाळ्यात कुणाच्या पायाला खाज येते? पुळ्या पाण्याच्या रेषेपर्यंतच आहेत, की बोटांच्या बेचक्यांत?

३. एकाच पाण्यात उतरलेल्या दोघींपैकी एकीलाच खाज का आली, हे शेजारणीला आपल्या शब्दांत सांगून पाहा.

४. आपण खातो त्या शिवल्या आणि मासे कुठल्या पाण्यातले आहेत? विकणाऱ्या मावशींना विचारा.